किल्लारीची गल्ली

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची जमीन हादरली. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. फजरच्या अजानला अजून तासभर अवकाश होता. मृतांचे आकडे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितले जातात. भूकंप तसा मध्यम, सव्वासहाच्या आसपासचा. मग एवढी माणसं कशानं गेली? घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये नुसती माती, आणि वर माळवद. गळती थांबावी म्हणून माळवदावर दरवर्षी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. आमच्या मोताळ्याच्या बाजूला धाब्याच्या घरांवर हेच चालायचं, त्यामुळे किल्लारीचं मरण मला परकं वाटत नाही.

आज जुन्या किल्लारीतून नव्या गावात चालत गेलं की फरक पायालाच कळतो. जुन्या गावात बोळ, वळणं, समोरासमोर दारं. एका घरात फोडणी पडली की चार घरांना ठसका. नव्यात सरळ रुंद रस्ते, कॉलनीसारख्या रांगा. पूर्णपणे हलवलेली अशी 52 गावं. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांच्या मदतीनं ती उभी राहिली. काम मोठं होतं आणि बऱ्यापैकी वेगानं झालं, हे मान्य करायलाच हवं.

पण घर कुणाला किती, हे ठरलं सातबाऱ्यावरून. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्याहून अधिक असेल तर 750. घरात माणसं किती, हा प्रश्न त्यानंतरचा. आता मराठवाड्यातल्या खेड्यांत आपली माणसं कोण? आतार, तांबोळी, पिंजारी, मुलाणी, बागवान. यांची रोजी हातावर आणि बाजारावर; सातबारा असलाच तर नावापुरता. दलित आणि बलुतेदारांचंही तसंच. पिंजाऱ्याला कापूस पिंजायला जागा लागते, हे सातबाऱ्यात कुठं लिहिलेलं असतं? अनेक गावांत घरंही याच वर्गवारीनं रांगेत बसवली गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार असा कागदावरच फुटला.

बायकांची अडचण वेगळीच. जुन्या घराला उंच भिंतीआडचं अंगण होतं, तिथं पडदा आपोआप सांभाळला जायचा. नव्या घराभोवती मोकळा प्लॉट. हळूहळू लोकांनी पत्रे ठोकले, कुडं घातली, पुढं ओसरी काढली. अधिकाऱ्यांच्या भाषेत हे वाढीव बांधकाम. मला विचाराल तर ती गल्ली परत आणायची धडपड होती.

जिथं गावं हलवली नाहीत, तिथं जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्यातले उपाय साधे होते: भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड बसवणं, माळवदावरची माती कमी करणं. तिथं लोक त्याच दारात, त्याच शेजाऱ्यासमोर राहिले.

जुन्या किल्लारीकडे आता 30 सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी गर्दी होते. एरवी तिथं बाभळी आहेत आणि ढिगाऱ्यातला दगड.