शांतता राखा!

नातू आर्किटेक्चर शिकतो. परवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा दाखवत होता. त्यात गटाने बसून चर्चा करायला काचेच्या खोल्या! म्हटलं, "अरे, ग्रंथालयात बोलायचं?" तो म्हणाला, "आजोबा, बोलल्याशिवाय शिकणार कसं?"

मला आपलंच शहर आठवलं. बाबासाहेबांनी १९५० साली इथे महाविद्यालय काढलं. त्याचं नाव मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा. 'मिलिंदपञ्हो' हा पाली ग्रंथ म्हणजे त्या दोघांचा संवादच. आणि महाविद्यालयाच्या परिसराचं नाव नागसेनवन! प्रश्न आणि उत्तर एकाच आवारात नांदतात. जवळच १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं.

१९७० च्या सुमारास बी.ए. करताना मी ज्या वाचनालयात बसे, तिथे चिठ्ठी दिली की शिपाई आतून पुस्तक आणून देई. भिंतीवर पाटी, 'शांतता राखा'. माझ्या मित्राच्या घरी खोली एक, माणसं सात. त्याला ती शांतता हवीच होती. पण अडलेलं विचारायला जागा कुठेच नव्हती. एकदा कुजबुजलो म्हणून दोघांनाही बाहेर काढलं. पुढच्या वर्षी त्याने शिक्षण सोडलं. कारणं बरीच होती, तरी ती पाटी माझ्या मनातून जात नाही.

नातवाला म्हटलं, बोलायच्या खोल्या ठेवच, पण एक शांत कोपराही ठेव. ज्याच्या घरी दोन्ही नाहीत, त्याला दोन्ही लागतात.