वेताळाचा प्रश्न आणि वाचकांचे नाते : 'चांदोबा'च्या वाचनसंस्कृतीचा ऐतिहासिक वेध

प्रस्तावना

सिंदी (रेल्वे) हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील, नागपूर-वर्धा लोहमार्गावरील गाव होय. येथील पदवी वर्गात शिकवीत असताना प्रस्तुत लेखकास एक प्रसंग अनुभवावयास मिळाला. तास सुरू होण्यापूर्वी काही विद्यार्थी भ्रमणध्वनीवर एक प्रश्नावली सोडवीत होते. 'हॅरी पॉटर' या अद्भुत कादंबरीमालेतील जादूच्या शाळेत चार गृहे आहेत. त्यांपैकी आपण कोणत्या गृहात शोभू, हे उत्तरांवरून सांगणारी ती प्रश्नावली होती. वर्षभर एकमेकींशी न बोललेल्या दोन विद्यार्थिनींचे उत्तर एकच आले आणि त्या दिवसापासून त्या एका बाकावर बसू लागल्या. शिक्षक कक्षात ही हकीकत सांगितली असता, "नव्या पिढीचा पोरखेळ" असा अभिप्राय मिळाला.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र असा अभिप्राय देऊन थांबता येत नाही. अद्भुत कथामालेचे वाचक एखाद्या प्रश्नाभोवती एकत्र येतात, आपापली उत्तरे ताडून पाहतात आणि त्यातून स्नेह जुळतो, ही घटना खरोखर नवी आहे काय? सदर लेखात या प्रश्नाचा विचार वेताळकथांच्या परंपरेच्या आणि विशेषतः 'चांदोबा' मासिकाच्या अनुषंगाने केला आहे.

वेताळकथांचे मूळ आणि महाराष्ट्र

वेताळपंचविशीचा सर्वपरिचित संस्कृत पाठ अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागर' या ग्रंथात आढळतो. हा ग्रंथ काश्मीरचा असला तरी वेताळकथेचा राजा गोदातीरीचा आहे. सोमदेवाने त्याचे नाव त्रिविक्रमसेन असे दिले असून त्याची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजेच आजचे पैठण, असल्याचे म्हटले आहे. पुढील परंपरेत हाच राजा विक्रमादित्य झाला. सोमदेव आपल्या ग्रंथाचे मूळ म्हणून गुणाढ्याच्या पैशाची भाषेतील 'बृहत्कथे'चा उल्लेख करतो. त्या गुणाढ्याचा संबंधही सातवाहन राजाच्या दरबाराशी जोडलेला आहे.

गुणाढ्याची आख्यायिका वाचनसंस्कृतीच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे. सात लक्ष श्लोकांची त्याची कथा राजाने नाकारली. तेव्हा गुणाढ्य अरण्यात अग्निकुंड पेटवून एकेक पान वाचू लागला आणि वाचलेले पान अग्नीत टाकू लागला. वनातील पशू चारापाणी विसरून ती कथा ऐकत उभे राहिले. राजाला याची वार्ता लागून तो तेथे पोहोचला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरला केवळ एक लक्ष. कथेला प्रतिष्ठितांनी नाकारावे, सामान्यांनी तिच्याभोवती जमावे आणि जतनाची जाणीव उशिरा व्हावी, हा क्रम त्या आख्यायिकेपुरता मर्यादित राहिलेला नाही.

मुद्रणयुगात या कथा देशी भाषांत फार लवकर आल्या. फोर्ट विल्यम कॉलेजच्या प्रयत्नांतून १८०५ मध्ये 'बैताल पचीसी' छापली गेली. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० साली प्रसिद्ध झाली. ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे बंगाली रूपांतर त्यानंतर, १८४७ मध्ये आले. याचा अर्थ असा की, आधुनिक मराठी गद्य घडत होते त्या पहिल्या पिढीतच वेताळ मराठी वाचकाच्या खांद्यावर बसला होता.

'चांदोबा' आणि त्याचा वाचक

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या एक महिना आधी, मद्रास येथून 'चंदामामा' हे मासिक सुरू केले. मराठी आवृत्ती 'चांदोबा' या नावाने १९५२ पासून निघू लागली. मजकूर बहुधा तेलुगूत सिद्ध होऊन इतर भाषांत अनुवादित होत असे. चित्रे मात्र सर्व भाषांत तीच असत. कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी १९५२ ते १९८० असे दीर्घकाळ संपादनाचे काम पाहिले. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या राक्षस, मांत्रिक, धूमकेतू आणि दुर्गम बेटांनी भरलेल्या क्रमशः कादंबऱ्या महिनोन्महिने चालत. आज ज्याला अद्भुतरम्य महाकथा म्हटले जाते तो प्रकार मराठी मुलांनी प्रथम अनुभवला तो बहुधा याच पानांवर.

तथापि मासिकाची खरी ओळख ठरली ती विक्रम-वेताळ मालिका. मूळ पंचवीस कथा संपल्यानंतरही त्याच चौकटीत नव्या कथा लिहिल्या जाऊ लागल्या व त्यांची संख्या शेकड्यांत गेली. एका हाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला राजा हे के. सी. शिवशंकरन, म्हणजेच 'शंकर', यांचे चित्र पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे झाले. शिवशंकरन २०२० मध्ये निवर्तले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' मालिका आली, तेव्हा अनेक प्रेक्षकांना ती आधीच ठाऊक असलेल्या चित्रांत जीव आल्यासारखी वाटली.

आमच्या गावी हा अंक एका घरी येई आणि अनेक घरी वाचला जाई. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी, म्हणजे १९९० च्या दशकात, वडिलांनी दोऱ्याने शिवून ठेवलेले जुने अंक घरात होते. शेजारच्या काकूंकडे मराठीऐवजी हिंदी 'चंदामामा' येत असे. वर्धा हे राष्ट्रभाषा प्रचार समितीचे, १९३६ पासूनचे, केंद्र असल्याने या परिसरात हिंदी वाचणाऱ्यांची वाण नव्हती. दोन भाषांतील एकच चित्र शेजारी शेजारी ठेवून आम्ही मुले गोष्ट ताडून पाहत असू. वेताळाचा प्रश्न आला की, वाचणाऱ्याने पुढील मजकुरावर तळहात ठेवावयाचा, हा आमचा अलिखित नियम होता. प्रत्येकाने आपले उत्तर सांगितल्याखेरीज हात उचलला जात नसे. त्या वादांतून झालेली भांडणे आणि मैत्री या दोन्ही टिकल्या.

मासिकानेही वाचकाला केवळ श्रोता मानले नाही. दोन छायाचित्रे छापून त्यांना शोभेल अशी शीर्षकांची जोडी पोस्टकार्डावर मागविली जाई आणि विजेत्याचे नाव गावासह छापले जाई. दूरच्या गावातील कोणीतरी आपल्यासारखेच हे पान पाहते आहे, हा बोध वाचकाला त्यातून होत असे.

प्रश्नांचे दोन प्रकार

वेताळाच्या प्रश्नाचे स्वरूप अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. मदनसेनेची कथा उदाहरणादाखल घेता येईल. विवाहानंतर प्रथम तुझ्याकडे येईन, असे वचन तिने धर्मदत्ताला दिलेले असते. विवाहाच्या रात्री ती हे पतीला सांगते आणि तो तिला जाऊ देतो. वाटेत चोर भेटतो. परत येण्याचे वचन घेऊन तोही सोडतो. धर्मदत्तही तिला स्पर्श न करता परत पाठवितो आणि परतीच्या वाटेवर तिचा सत्यनिष्ठ स्वभाव पाहून चोर तिला दागिन्यांसह सोडून देतो. वेताळ विचारतो, तिघांत खरा उदार कोण? राजाचे उत्तर आहे, चोर. कारण इतर दोघांच्या त्यागामागे काही ना काही कारण होते, चोराच्या त्यागामागे नव्हते.

येथे प्रश्न दुसऱ्याच्या कृतीचा आहे आणि उत्तराला किंमत मोजावी लागते. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल आणि सारी पायपीट नव्याने करावी लागेल. तरीही राजा बोलतो. ज्या एका प्रश्नाचे उत्तर त्याला खरोखर सुचत नाही, तेथेच तो मौन पाळतो आणि त्या मौनावर वेताळ प्रसन्न होतो.

याच कथेचा दुसरा उपयोगही जुना आहे. फारसी 'तूतीनामा'च्या परंपरेत हीच कथा संशयितांना ऐकविली जाते. कोण श्रेष्ठ, या प्रश्नाला ते जे उत्तर देतात त्यावरून त्यांच्या मनातील लोभ उघड होतो व रत्नाचे चोर सापडतात. येथे प्रश्नाची दिशा उलटली आहे. निवाडा पात्रांचा नसून उत्तर देणाऱ्याचा होतो. आधुनिक व्यक्तिमत्त्व-चाचणीचे बीज या दुसऱ्या प्रकारात दिसते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी रॉबर्ट वुडवर्थ यांनी होय-नाही स्वरूपाची प्रश्नावली तयार केली, तिचाही हेतू माणूस पारखण्याचाच होता. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'हॅरी पॉटर' मालेत मुलांची गृहे ठरविणारी बोलकी टोपी आली आणि २०१२ पासून तिची अधिकृत प्रश्नावली संगणकावर सर्वांना खुली झाली. तेव्हा पारखण्याचे साधन हे वाचकांच्या आपुलकीचे निमित्त बनले.

दोहोंतील भेद असा की, वेताळाच्या प्रश्नावर वाचक एकमेकांशी असहमत होऊन जवळ येत. आजच्या प्रश्नावलीत उत्तर सारखे आल्यामुळे जवळ येतात. पहिल्यात वाद अपरिहार्य होता, दुसऱ्यात तो अनावश्यक ठरतो. म्हणून नवे ते त्याज्य, असे येथे म्हणावयाचे नाही. जुन्या प्रश्नालाही त्याच्या काळाच्या मर्यादा आहेतच.

त्या मर्यादेची जाणीव प्रस्तुत लेखकास वर्गातच झाली. वर उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर मदनसेनेची कथा सांगून वेताळाचा प्रश्न वर्गापुढे ठेवला. वर्ग तीन गटांत विभागला गेला आणि तास संपला तरी वाद मिटला नाही. शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, "सर, दिलेला शब्द तर मदनसेनेनं पाळला. तिचं नाव प्रश्नातच नाही." हजार वर्षांच्या परंपरेने जो पर्याय दिला नाही, तो तिने मागितला होता. आतापर्यंत हा प्रश्न विचारताना प्रस्तुत लेखकाच्याही तो लक्षात आला नव्हता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

समारोप

'चांदोबा'चे प्रकाशन १९९८ मध्ये खंडित झाले, १९९९ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले, २००७ मध्ये मालकी बदलली आणि २०१३ मध्ये मासिक कायमचे थांबले. आमच्या घरचे शिवलेले अंक घर बदलताना रद्दीत गेले. मुलांची मासिके जपून ठेवण्याजोगी असतात, असे तेव्हा आम्हां कोणासही वाटले नाही. गुणाढ्याची पाने निदान राजाच्या उपेक्षेमुळे जळाली. आमची आमच्याच हातून गेली.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, कथा आणि प्रश्न यांच्याभोवती वाचकांचा समूह जमणे ही आपल्याकडील जुनी आणि सलग परंपरा आहे; विद्यार्थ्यांची आजची आवड तिच्याशी जोडून शिकविता येते. दुसरा, सारखेपणावर जुळलेल्या स्नेहाला मतभेदाचीही सवय लागावी, यासाठी वेताळाचा प्रश्न वर्गात आजही उपयोगी आहे. तिसरा, ज्यांनी १९५२ ते १९८० या काळात 'चांदोबा' वाचला ते वाचक अद्याप आपल्या गावांत आहेत. त्यांच्या आठवणी नोंदविणे आणि उरलेले अंक महाविद्यालयीन ग्रंथालयात आणणे हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांकडून सहज होण्यासारखे आहे. सिंदीतील त्या दोन मैत्रिणींनी आपापल्या आजी-आजोबांपासून या नोंदींना प्रारंभ केला आहे.