'वोल्फशेन' विमानाचा रंग : एका प्रतिकृतीच्या निमित्ताने

जुन्या युद्धविमानाची लहान प्रतिकृती करणाऱ्याचे काम सामान्यतः छंदात मोडते व इतिहासाचे अभ्यासक त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. तथापि प्रतिकृती जोडून झाल्यावर रंगाची कोणती बाटली उघडावयाची, हा जो प्रश्न अशा माणसापुढे उभा राहतो, तो वस्तुतः पुराव्याचा प्रश्न आहे. लेखकास 'विमान फिकट रंगाचे असावे' असे लिहून पुढे जाता येते. कुंचला हाती घेतलेल्यास ती सवलत नाही. त्यास एकच छटा निवडावी लागते, आणि ती निवडली की ते विधान होऊन बसते. असे विधान कितपत साधार करता येते, हे पाहण्यास पहिल्या महायुद्धात मुंबईच्या समुद्राशी संबंध आलेले एक जर्मन विमान उपयोगी पडण्यासारखे आहे.

'वोल्फ' हे जर्मन जहाज मूळचे 'वाख्टफेल्स' नावाचे मालवाहू जहाज. युद्धकाळात त्यावर तोफा व पाणसुरुंग चढवून, वरून मात्र व्यापारी रूप कायम ठेवून, कार्ल ऑगस्ट नेर्गर या अधिकाऱ्याच्या हाताखाली ते ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कील बंदरातून निघाले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून ते हिंदी महासागरात आले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने प्रथम कोलंबोच्या व नंतर मुंबईच्या परिसरात सुरुंग पेरले. मुंबईच्या वाटेवरील सुरुंगांचे फळ चार महिन्यांनी दिसले. २३ जून १९१७ रोजी पी. अँड ओ. कंपनीची 'मंगोलिया' ही आगबोट मुंबईच्या दक्षिणेस सुमारे पन्नास मैलांवर सुरुंगावर आदळून बुडाली व तीत माणसे दगावली. त्या काळी मेसोपोटेमियातील मोहिमेचे सैन्य व सामान मुंबईहून जात असे. सातारा, कोल्हापूर व कोकण या भागांतून भरती झालेल्या मराठा पलटणी याच समुद्रातून गेल्या होत्या. मराठी वाचकास हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही.

'वोल्फ'वर एक दोन आसनी जलविमान होते. कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेन कारखान्याच्या 'एफ. एफ. ३३' जातीचे हे द्विपंखी विमान. खलाश्यांनी त्याचे नाव 'वोल्फशेन', म्हणजे लांडग्याचे पिल्लू, असे ठेवले होते. सुरुंग पेरण्याचे काम जहाजाचे. विमानाचे काम टेहळणीचे. जून १९१७ मध्ये प्रशांत महासागरातील केर्माडेक बेटांजवळ 'वैरूना' या जहाजास थांबविण्याच्या कामी ते प्रत्यक्ष वापरले गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मालदीवजवळ 'हिताची मारू' या जपानी जहाजाच्या पाडावातही त्याचा भाग होता. एकास बहात्तर या प्रचलित प्रमाणात त्याची प्रतिकृती केल्यास पंखांचा विस्तार जेमतेम २३ सेंटिमीटर भरतो. रंगाचा वाद आहे तो एवढ्या पृष्ठभागापुरता.

या विमानाची छायाचित्रे आहेत. जहाजाच्या यारीने त्यास उचलताना किंवा पाण्यावर ठेवताना ती घेतलेली आहेत. त्यांत विमान फिकट दिसते, म्हणून ते पांढरट असावे, असे अनुमान सहज निघते. पण येथेच थांबावयास हवे. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा सर्व रंगांस सारख्या प्रतिसाद देत नसत. साध्या काचेवर निळा व जांभळा प्रकाश तेवढा उमटे. त्यापुढची म्हणून जी 'ऑर्थोक्रोमॅटिक' काच प्रचारात होती ती हिरव्यासही प्रतिसाद देई, मात्र तांबड्यास ती जवळजवळ आंधळीच असे. परिणामी निळा रंग चित्रात प्रत्यक्षापेक्षा उजळ येई व तांबडा काळवंडे. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाकृती चिन्ह अशा चित्रांत पाहिले तर बाहेरचे निळे कडे फिकट व मधला तांबडा ठिपका गडद दिसतो. सर्व रंगांस प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ पासून विक्रीस होत्या, हे खरे. पण अमुक एक चित्र कोणत्या काचेवर घेतले याची नोंद क्वचितच राहते. अशा स्थितीत 'वोल्फशेन'च्या चित्रातील फिकटपणातून पिवळसर लिनन कापड, करडा रंग, की आकाशी निळा, हे ठरविता येत नाही. उलट निळ्याचा पक्ष चित्रामुळे थोडा बळावतो, कारण निळाच अधिक उजळ उमटतो. डोळ्यांस जे पांढरे भासते ते पांढरे असण्याचा संभव त्यामुळे वाढत नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

चित्र मुके असेल तर तारखेकडे वळावे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास ही रीत नवी नाही. जुन्या मराठी पत्रांत तिथी व महिना असतो, साल पुष्कळदा नसते. ते मजकुरातील घडामोडींवरून बसवावे लागते. मिरजेस राहून पटवर्धनी दप्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांचे अर्धे श्रम या प्रकारचे होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 'वोल्फशेन'च्या बाबतीत वाट तीच, दिशा उलट. येथे काळ ठाऊक आहे, रूप ठरवावयाचे आहे. जर्मन आरमारी विमानांवर षट्‌कोनांची नक्षी छापलेले निळसर-करड्या व जांभळट छटांचे कापड १९१७ मध्ये आले. 'वोल्फ' त्यापूर्वीच निघालेले, आणि परतेपर्यंत त्याने स्वदेशाच्या बंदराचे तोंड पाहिले नाही. तेव्हा षट्‌कोनी कापड बाद. तसेच जर्मन विमानांवरील क्रूसाचा जुना, टोकांशी रुंदावणारा घाट जाऊन सरळ पट्ट्यांचा घाट आला तो मार्च-एप्रिल १९१८ च्या हुकुमांनी. 'वोल्फ' कीलला परतले २४ फेब्रुवारी १९१८ रोजी. म्हणून सरळ क्रूसही बाद. चिन्ह रंगवावयाचे तर ते जुन्याच घाटाचे. या दोन गोष्टी निश्चित आहेत, आणि त्या चित्राच्या नव्हे, दिनांकाच्या बळावर निश्चित आहेत.

उरतात दोन पर्याय : रोगण दिलेले मूळ कापड, अथवा त्यावर फिकट करडा-निळसर हात. त्यांतही आणखी एक अडचण आहे. पंधरा महिन्यांच्या प्रवासात विमान कधी सुटे करून ठेवलेले, कधी खाऱ्या पाण्यावर उतरविलेले, विषुववृत्ताच्या उन्हात तापलेले. रोगण उन्हाने पिवळते आणि फाटलेल्या कापडास ठिगळ लागते. तेव्हा 'वोल्फशेन'चा रंग कोणता, हा प्रश्नच अपुरा ठरतो. कोणत्या दिवशीचा, असे विचारले पाहिजे. कीलहून निघतानाचे विमान व 'वैरूना'वर झेपावलेले विमान ही रंगाच्या दृष्टीने एकच वस्तू नव्हेत.

कागदपत्रे मुबलक असली म्हणजे शंका फिटतात असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई मंत्रालयाने रंगांना क्रमांक दिले होते : ६५ म्हणजे फिकट निळा, ७० काळपट हिरवा, ७१ गडद हिरवा, ७४ करडा-हिरवा, ७५ करडा-जांभळा. नमुन्यांच्या पट्ट्यांसह अधिकृत पत्रकही निघाले होते. इतकी शिस्त असूनही युद्धाच्या शेवटी आलेल्या ८१, ८२ व ८३ या क्रमांकांवर अभ्यासकांत वाद आहेत, कारण त्या धामधुमीत क्रमांक कागदावर गेले, पण नमुन्याच्या पट्ट्या त्यांबरोबर गेल्या नाहीत. मराठी कागदांतील वस्त्रांच्या याद्या वाचणाऱ्यास हे दुःख चांगले परिचित आहे. किरमिजी, अबाशाई, नाफर्मानी हे शब्द स्वच्छ वाचता येतात; कापडाचा तुकडा हाती नसेल तर त्यांची नेमकी छटा सांगणे कठीण. शब्द टिकतो, रंग उडतो. जतन केलेली विमाने याला उतारा ठरतीलच असे नाही, कारण उघड्यावर उभी केलेली विमाने वारंवार रंगविली जातात व वरचा थर अलीकडच्या रंगाऱ्याचा असतो. जुन्या देवळाच्या चुन्याखालच्या चित्रांप्रमाणे येथेही थर खरवडून पाहावे लागतात.

यापुढचा भाग दृष्टीचा आहे व तो थोडक्यात आटोपता येतो. एकास बहात्तर प्रमाणातील प्रतिकृती एका फुटावरून पाहणे म्हणजे खरे विमान सुमारे बहात्तर फुटांवरून पाहणे होय. तेवढ्या अंतरावर मधल्या हवेने रंग किंचित फिका होतो, म्हणून कित्येक जण मूळ रंगात पांढरा मिसळतात. ही पाहणाऱ्याची सोय झाली, पुरावा नव्हे; मिश्रण किती, हे ज्याच्या त्याच्या रुचीवर असते. कवठे महांकाळसारख्या गावी भर दुपारच्या उन्हात जुळवून घेतलेली छटा रात्री दिव्याखाली निराळी दिसते, हाही अनुभव कोणासही घेता येईल. मूळ विमानही समुद्रावर एकाच उजेडात उभे नव्हते.

तेव्हा 'वैरूना'च्या दिवसाची प्रतिकृती करणाऱ्याने षट्‌कोनी नक्षी टाळावी, क्रूस दाखविल्यास जुन्या घाटाचा दाखवावा, आणि कापडास किंचित पिवळट किंवा निळसर-करडी छटा द्यावी. या दोहोंपैकी पहिलीचा पक्ष जुन्या रोगणाच्या स्वभावावरून व दुसरीचा छायाचित्रावरून मांडता येतो. निर्णायक असे दोन्हीकडे काही नाही. जुनी पत्रे छापणारे संपादक फाटलेल्या जागी स्वतः घातलेली अक्षरे चौकटी कंसात ठेवतात. प्रतिकृतीच्या बैठकीखाली चिकटविलेल्या चिठ्ठीवर तेवढेच लिहावे : घाट व चिन्ह दिनांकावरून, छटा अनुमानाने.