अभिमुख : त्रिमितीचे शब्द आणि स्थानपोथी

1972 साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी एका फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या पत्र्यावर रेघा आखल्या, बिंदू ठरवले आणि एकेका बिंदूचे अंतर मोजपट्टीने मोजून टिपून ठेवले. त्याच वर्षी एड कॅटमुल आणि फ्रेड पार्क यांनी हाताच्या प्लास्टरच्या साच्यावर अशीच जाळी आखून पडद्यावर हलणारा हात दाखवला. त्रिमित प्रतिरूपणाचे मूळ इतके साधे आहे. वस्तू बिंदूंत मोडायची, प्रत्येक बिंदूला तीन आकडे द्यायचे, बिंदू कडांनी जोडायचे, कडांनी वेढलेली पृष्ठे बांधायची. पुढे प्रकाश, रंग, हालचाल हे सारे या जाळीवर चढते.

यातील एकही संकल्पना मराठीला परकी नाही. शिरोबिंदू, कड, पृष्ठ, अक्ष, आरंभबिंदू, निर्देशक हे शब्द मराठी माध्यमाच्या शाळेतील गणितात रुळलेले आहेत. 1960 मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषेची कितीही थट्टा झाली (आणि तिच्यातील काही शब्द थट्टेस पात्रही आहेत), तरी भूमितीची मराठी परिभाषा निर्विवादपणे टिकली. तरीही तोच विद्यार्थी अकोल्याच्या वा अमरावतीच्या एखाद्या अ‍ॅनिमेशनच्या वर्गात बसला, की व्हर्टेक्स, एज, फेस ही नावे पाठ करू लागतो. जणू या गोष्टींशी त्याची पहिलीच भेट. आक्षेप इंग्रजी शब्दांना नाही. शाळेत मिळवलेले ज्ञान आणि पडद्यावरची वस्तू यांच्यामधला धागा तुटतो, हे खरे नुकसान आहे.

अशा शब्दांपैकी सर्वांत अवघड जातो तो ‘नॉर्मल’. सामान्य असा अर्थ धरून पुढे गेलेल्यास काहीच उलगडत नाही. पृष्ठाला लंब असलेली आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे हे सांगणारी ती दिशा होय. प्रकाश पृष्ठावर किती पडणार हे तिच्यावरून ठरते. ती उलटी झाली, तर अनेक प्रणालींमध्ये भिंत जागेवर असूनही समोरून दिसेनाशी होते. या कल्पनेसाठी मराठीत एक जुना, नेमका शब्द आहे : अभिमुख. देऊळ पूर्वाभिमुख आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हेच सांगत असतो.

इथे अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोविंदप्रभूंचे हे गाव. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्राच्या आठवणी संकलित केल्या त्या येथेच. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही चौदाव्या शतकातील, मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेली रचना. तिचे संपादन करणारे वि. भि. कोलते हे मलकापूरजवळच्या नरवेलचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. आपण ती यात्रेकरूंची मार्गदर्शिका म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण तिची मांडणीची रीत पाहावी. श्रीचक्रधरांचे वास्तव्य जेथे घडले, ते देऊळ गावाच्या कोणत्या बाजूस, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या आग्नेयेस वा वायव्येस काय, पटिसाळ म्हणजे ओसरी कोणती, दारवठा कुठे. स्थान असे परस्परसंबंधांनी बांधले जाते. गावावरून देऊळ ठरते आणि देवळावरून ओसरी.

त्रिमित प्रतिरूपणात याला स्थानिक आणि जागतिक निर्देशक म्हणतात. खिडकीची जागा खोलीच्या संदर्भात नोंदवायची, खोलीची घराच्या. मग घर हलवले की खिडकी आपोआप सोबत जाते. सजीवीकरणही याच श्रेणीवर उभे आहे. खांदा फिरला की कोपर आणि मनगट त्याच्यामागे जातात, पण मनगट फिरल्याने खांदा हलत नाही. कळसूत्री बाहुली नाचवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. वस्तू दबणे-ताणणे, उडीपूर्वी अंग आखडून घेणे ही हाताने काढलेल्या चित्रपटांतील तत्त्वे जॉन लॅसेटर यांनी 1987 च्या एका निबंधात संगणकाला लागू करून दाखवली, ती अशा जोडलेल्या सांगाड्यांवरच.

म्हणून स्थानपोथीत आधुनिक तंत्र होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. आपल्याकडे सारे आधीच होते, या वृत्तीने अभ्यासाचे भले कधी झाले नाही. दिशांनी जमिनीवरची जागा ठरते. उंची दिशेने सांगता येत नाही. अकोला जिल्ह्यातील बाळापूरची छत्री, जी परंपरेने मिर्झाराजे जयसिंगाशी जोडली जाते, निव्वळ दिशांच्या भाषेत कधीच उभी राहणार नाही. तिला खांबाची उंची हवी, कमानीचा बाक हवा. उलट एक खांब आणि एक कमान नीट घडली, की उरलेले काम प्रतिकृती काढून भागते. प्रमाणबद्ध वास्तूची ही मोठी सोय. स्थानपोथीला हे करायचेच नव्हते. तिला स्मरण टिकवायचे होते.

ते स्मरण आता दुहेरी वाचनावर अवलंबून आहे. गावे वाढतात, देवळांचे जीर्णोद्धार होतात, ओसऱ्या पाडून सभामंडप उभे राहतात, आणि पोथीतली दिशा डोळ्यांसमोरच्या भिंतीशी जुळेनाशी होते. अशा वेळी पोथीतील एखादे स्थान त्रिमितीत मांडून पाहणे हा संहितेच्या अभ्यासाचाच एक भाग ठरतो, कारण मोडीच्या वा सकळ लिपीच्या वाचनात एका दिशेची चूक झाली असेल, तर ती तेथे लगेच उघडी पडते : दार भिंतीत उघडते, किंवा ओसरी देवळाच्या आत शिरते. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. राजमठाच्या परिसरापासून आरंभ करता येईल. मोजपट्टी धरणाऱ्याला पटिसाळ म्हणजे काय हे ठाऊक हवे, आणि पोथी वाचणाऱ्याला आरंभबिंदू कोठे धरायचा हे.