भांडणातून जन्मलेला शब्द

आपल्या आयटीत 'इकोसिस्टिम' हा शब्द न वापरता एक आठवडा काढून दाखवा! जावाची इकोसिस्टिम, अँड्रॉइडची इकोसिस्टिम, स्टार्टअपवाल्यांची तर आहेच. हल्ली नाटक-सिनेमावाल्यांचीही असते म्हणे. मराठीत याला 'परिसंस्था' म्हणतात. (हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर उगाचच चेअरमन, सेक्रेटरी आणि वार्षिक सर्वसाधारण सभा उभी राहते. त्याबद्दल पुढे.) कुठेही वापरा, शब्दाला एक गोडवा असतो. सगळे एकमेकांना धरून, गुण्यागोविंदानं नांदतायत असा. गंमत म्हणजे हा शब्द वापरात आला तो नेमका असला गोडवा मोडून काढण्यासाठी.

साल १९३५. ऑक्सफर्डचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आर्थर टॅन्स्ली यानं 'इकॉलॉजी' या नियतकालिकात एक खरमरीत लेख लिहिला. विषय काय, तर या शास्त्रातल्या शब्दांचा वापर आणि गैरवापर. टॅन्स्ली हा वल्ली माणूस. १९२२ साली तो व्हिएन्नाला जाऊन खुद्द फ्रॉइडकडून मनोविश्लेषण करून घेऊन आला होता. त्यामुळे जंगलाबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःच्या मनातलंच काहीतरी बोलत असतो, याचा त्याला वास लागत असणार, असं आपलं मला वाटतं.

भांडण कशावरून? अमेरिकेतल्या फ्रेडरिक क्लेमेंट्सनं १९१६ साली मांडलं होतं की एखाद्या प्रदेशातली सगळी झाडंझुडपं मिळून जणू एकच मोठा जीव असतो. तो जन्मतो, वाढतो आणि तिथल्या हवामानाला साजेशा प्रौढ अवस्थेला पोचतो. दक्षिण आफ्रिकेतल्या जॉन फिलिप्सनं हीच कल्पना आणखी पुढे नेली. त्याच्यावर प्रभाव होता जनरल स्मट्सचा. हो, तोच स्मट्स, ज्याला गांधीजींनी तुरुंगात चपला बनवून दिल्या होत्या. स्मट्सनं १९२६ साली 'होलिझम अँड इव्होल्यूशन' हे पुस्तक लिहिलं : संपूर्ण हे भागांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं, वगैरे. वाचायला फार छान. पण हाच माणूस काळ्या लोकांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवण्याचा पुरस्कर्ता होता. एकदा सगळं मिळून एक शरीर आहे म्हटलं, की कोण डोकं आणि कोण पाय हे ठरवायला कोणीतरी पुढे येतंच.

टॅन्स्लीनं यावर 'इकोसिस्टिम' हा शब्द पुढे केला. (सुचवला होता ए. आर. क्लॅपहॅम या त्याच्या तरुण सहकाऱ्यानं.) जीव वगैरे काही नाही, ही एक सिस्टिम आहे, भौतिकशास्त्रात असते तशी. त्यात फक्त झाडं आणि प्राणी नाहीत. माती, पाणी, हवा हे निर्जीव घटकही तितकेच आत. तिची सीमा निसर्गानं आखून दिलेली नसते, अभ्यास करायला आपण ती मनानं आखतो. आणि माणूस बाहेरचा नाही. इंग्लंडमधली हिरवीगार कुरणं शतकानुशतकं मेंढ्या चारून टिकली आहेत, मग त्यांना 'नैसर्गिक' नाहीत म्हणून यादीतून वगळायचं कसं?

कल्पना कागदावरच राहिली असती, पण रेमंड लिंडमन नावाच्या पोरानं ती मोजून दाखवली. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या छोट्याशा तळ्यावर तो बायकोच्या मदतीनं कित्येक वर्षं नमुने गोळा करत होता. सूर्याची किती ऊर्जा शेवाळात जाते, त्यातली किती पुढच्या पायरीला पोचते, असा हिशोब. निबंध आधी नाकारला गेला. १९४२ मध्ये तो छापून आला, तेव्हा लिंडमन गेलेला होता, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी.

साठच्या दशकात 'सिस्टिम' हा शब्द कलावंतांपर्यंत पोचला. हान्स हाके या जर्मन कलावंतानं पारदर्शक बंद पेटीत थोडं पाणी ठेवलं. खोलीतल्या उष्णतेप्रमाणे ते वाफ होऊन काचेला थेंब धरतं, ओघळतं, पुन्हा वर चढतं. लोकांना आवडलं. मग १९७१ मध्ये त्यानं हीच रीत न्यूयॉर्कच्या घरमालकांना लावली. एका धंदेवाईक गोतावळ्याच्या ताब्यातल्या १४२ मिळकती, त्यांचे फोटो, कागदोपत्री मालक, गहाणखतं. सगळी माहिती सरकारी दफ्तरातली, टीका एका शब्दाची नाही. गुगेनहाइम म्युझियमनं प्रदर्शनच रद्द केलं आणि त्याची बाजू घेणाऱ्या क्युरेटरला काढून टाकलं. पुढच्या वर्षी त्यानं जर्मनीत क्रेफेल्डच्या म्युझियममध्ये ऱ्हाइनचं घाण पाणी आणून, गाळून, त्यात गोल्डफिश सोडले. ते मात्र चाललं! पाण्याची सिस्टिम दाखवा, हरकत नाही; घरभाड्याची दाखवली की संचालक जागे होतात.

आपल्या धंद्यात हा शब्द रुजवला जेम्स मूरनं, १९९३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'तल्या लेखातून. कंपनीकडे एका उद्योगाचा भाग म्हणून न बघता पुरवठादार, ग्राहक, स्पर्धक यांच्या परिसंस्थेचा भाग म्हणून बघा, असं त्याचं म्हणणं. मुद्दा खोटा नाही. २०११ मध्ये नोकियाच्या प्रमुखानं कर्मचाऱ्यांना कळवलं की लढाई आता फोनची नसून इकोसिस्टिमची आहे, आणि २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेलासुद्धा. पण टॅन्स्लीच्या तळ्याला मालक नव्हता. अ‍ॅप स्टोअरला आहे. तो नियम बदलतो, कमिशन ठरवतो, वाटलं तर तुमचं अ‍ॅप काढून टाकतो. तेव्हा माझा चेअरमन-सेक्रेटरीवाला घोटाळा अगदीच अस्थानी नाही. फक्त सर्वसाधारण सभा तेवढी होत नाही.

माणसांच्या बाबतीत हा शब्द सर्वात नेमका वापरला तो रेमंड डासमन या अमेरिकन अभ्यासकानं, सत्तरच्या दशकात. काही लोक आसपासच्या एक-दोन परिसंस्थांवर जगतात, काही सगळ्या पृथ्वीवरून माल उचलतात. आपल्या पुण्याच्या माधव गाडगीळांनी रामचंद्र गुहांबरोबर १९९५ मध्ये 'इकॉलॉजी अँड इक्विटी' या पुस्तकात ही मांडणी भारताला लावली. परिसंस्थेवर जगणारे, सर्वभक्षी आणि पर्यावरणीय निर्वासित, असे तीन गट. आपण कुठल्या गटात ते सांगायला नकोच. एखादी टेक्नॉलॉजी मेली तर आपण दोन महिन्यांत दुसरी शिकतो, इकोसिस्टिम बदलतो. कोयनेच्या धरणासाठी ज्यांची गावं उठली, त्यांना नदी, रान आणि गुरांची वाट मागे ठेवून दुसऱ्याच मातीत जावं लागलं. आणि कोयनेची वीज आली शहरांकडे, आपल्याकडे.