परळची लस आणि मदनपुऱ्याचा दंगा

लसीकरणाचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘तुमच्या समाजात लसीला एवढा विरोध का?’ विचारणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. पोलिओच्या डोसच्या काळात हा प्रश्न आला, कोरोनात आला, आणि २०२२ साली गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली तेव्हा पुन्हा आला. प्रश्नातच उत्तर बसलेले असते. मुसलमान म्हणजे मौलवी, आणि मौलवी म्हणजे विज्ञानाला नकार.

मी या प्रश्नाचे उत्तर नेहमी मुंबईच्या इतिहासातून देतो. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात, दीड वर्षाच्या आत, दोन मुस्लिम वस्त्यांनी एकाच साथीला दोन वेगळी उत्तरे दिली. एका वस्तीने जगातल्या पहिल्या प्लेगच्या लशीसाठी बाह्या वर केल्या. दुसरी वस्ती प्लेगच्या पथकावर चालून गेली. कलमा दोघांचा एकच होता. मग फरक कुठे पडला?

मांडवीतला ताप

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासले आणि हा ताप गाठीच्या प्लेगचा असल्याचे सांगितले. त्यांचा पुतळा आजही धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर आहे. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना तो कोणाचा हे माहीत असेल कोण जाणे. मांडवी म्हणजे गोदीलगतचा धान्याचा बाजार. गोण्या, उंदीर आणि दाटीवाटीची घरे. बघता बघता साथ शहरभर पसरली. सव्वाआठ लाख वस्तीच्या मुंबईतून १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळपास निम्मी माणसे पळून गेली. गिरण्या ओस पडल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. हाच कायदा आपल्यावर २०२० साली पुन्हा लागू झाला होता. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजे थांबवण्यात आली, कारण युरोपातल्या सरकारांनी हिंदुस्थानचा व्यापारच रोखण्याची धमकी दिली होती.

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने कलकत्त्याहून एका शास्त्रज्ञाला बोलावून घेतले. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. हा ओदेसाचा ज्यू. रशियात विद्यापीठातली जागा हवी असेल तर ख्रिस्ती हो, असे त्याला सुचवण्यात आले होते. त्याने धर्म सोडला नाही, देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जागा मिळाली तीही आधी ग्रंथपालाची. तिथे त्याने पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

मुंबईत त्याला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. हाताशी मोजकी माणसे होती. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती पुन्हा स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे कैद्यांना विचारण्यात आले आणि साधारण निम्म्यांनी लस घेतली. ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्यात लागण आणि मृत्यू दोन्ही जास्त निघाले.

बोकडाचे मांस आणि तुपाचे थेंब

लस बनवण्याची कृती मला फार महत्त्वाची वाटते. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. युरोपात तो सर्रास गोमांसाचा असे. हाफकिनला आधीच कळले होते की इथे गाईचे चालणार नाही आणि डुकराचेही चालणार नाही. त्याने बोकडाचे मांस वापरले. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, छतावरून झुंबरे लोंबावीत तसे. अधूनमधून बाटली हलवायची, झुंबरे तळाशी पडायची, नवी वाढायची. काही आठवडे असे झाले की ते सगळे गरम करून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या.

डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या लशीत डुकराचे जिलेटिन आहे की नाही यावर मुंबईत बैठका झाल्या, टीव्हीवर चर्चा रंगल्या, आणि आपली यथेच्छ टिंगल झाली. मला तेव्हा हाफकिन आठवत होता. लोकांना काय चालेल आणि काय नाही, हे त्याने लस बनवण्याआधी विचारात घेतले होते. त्यात त्याला विज्ञानाचा अपमान वाटला नाही. लस बाटलीत राहून कोणाला वाचवत नाही, ती अंगात जावी लागते, एवढा साधा हिशोब होता.

माझगावचा बंगला

तरीही लोक घाबरत होते. लस घेतली की सणकून ताप यायचा, हात सुजायचा. ‘सरकार मारायलाच टोचते आहे,’ अशी आवई उठली होती. अशा वेळी खोजा इस्माइली जमातीचे इमाम, तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह पुढे आले. तेव्हा त्यांचे वय होते १९ वर्षे. त्यांनी जमातीसमोर, सगळ्यांच्या देखत लस टोचून घेतली. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. ताप आला तर तो दिसू द्या आणि उतरला तर तोही दिसू द्या, असा त्यामागचा विचार. एवढ्यावर ते थांबले नाहीत. माझगावात, आगा हॉलपासून जवळच असलेला आपला प्रशस्त बंगला त्यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी देऊन टाकला. हजारो खोजांनी लस घेतली. आपल्या आठवणींच्या पुस्तकात आगाखानांनी हा प्रसंग अभिमानाने सांगितला आहे.

यावर कोणी म्हणेल, त्यांच्यात इमामाचा शब्द म्हणजे हुकूम. यात विज्ञानावरचा विश्वास कुठे आला? आक्षेपात थोडे तथ्य आहे. पण नुसता हुकूमच चालला असता तर स्वतःचा दंड पुढे करण्याची गरज काय होती? लोकांना आदेश हवा नव्हता. आपल्यातला माणूस लस घेऊन जगतो की मरतो, हे त्यांना डोळ्यांनी बघायचे होते.

एक ज्यू शास्त्रज्ञ, त्याला घर देणारा मुसलमान इमाम, आणि साथीचे निदान करणारा गोव्याचा ख्रिस्ती डॉक्टर. मुंबईच्या प्लेगचा इतिहास सांगताना ही तिन्ही नावे एका दमात कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो.

मदनपुरा, ९ मार्च १८९८

आता दुसरी वस्ती. भायखळ्याच्या ज्या कॉलेजात लस तयार झाली, तिथून पायी जाण्याच्या अंतरावर मदनपुरा आहे. तिथे जुलाहे, म्हणजे मोमीन विणकर राहत. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि मँचेस्टरच्या कापडाने हातमाग बसल्यावर आझमगढ, मऊ, बनारस भागातून ही माणसे मुंबई, भिवंडी, मालेगावात आली होती. गरीब, परक्या मुलखातली, आणि शहराच्या कारभारात ज्यांचा आवाज नाही अशी.

मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकरच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली होती. तिची पथके सैनिकांसह घराघरात शिरत. आजारी दिसेल त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत धाडायचे, सामान जाळायचे किंवा औषधाने भिजवायचे. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोडवर असे पथक एका जुलाह्याच्या घरी गेले. घरात १२ वर्षांची मुलगी तापाने आजारी होती. तिला तपासू द्यायला आणि न्यायला घरच्यांनी नकार दिला. गर्दी जमली, दगड सुरू झाले, गोळीबार झाला. माणसे मेली, गोरे सैनिकही मारले गेले. दंगा आजूबाजूच्या भागात पसरला आणि गोदीकामगार व गाडीवानांनी काम बंद ठेवले. बंद ठेवणारे सगळे मुसलमान नव्हते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. मदनपुऱ्यातले लोक लशीविरुद्ध उठले नव्हते. त्यांच्या दारात लस घेऊन कोणी आलेच नव्हते. बंदूक घेऊन आले होते. सरकारी दप्तरात मात्र जुलाहे ‘धर्मांध’ ठरले आणि तो शिक्का आजही पुसला गेलेला नाही.

खरे तर इस्पितळाची भीती ही एका धर्माची नव्हती. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर हजारभर गिरणी कामगार चालून गेले होते. तिथे नेलेल्या माणसाचे तेल काढतात, अशी अफवा होती. आणि पुण्यात काय झाले हे प्रत्येक मराठी मुलगा शाळेत शिकतो. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सोजिरांनी देवघरात शिरणे, बायकांना हात लावणे, याचा तो संताप होता. त्याला आपण देशभक्ती म्हणतो. मदनपुऱ्यातला बाप मुलीच्या अंगाला परक्याचा हात लागू नये म्हणून दारात आडवा उभा राहिला, त्याच्या संतापाला मात्र आपण अडाणीपणा म्हणतो. माझी तक्रार चापेकरांविषयी नाही. मोजायला दोन वेगळ्या पट्ट्या वापरण्याविषयी आहे.

विज्ञान कोणाच्या बाजूने होते?

पुढे काय घडले ते ऐकण्यासारखे आहे. ऑगस्ट १८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळला, गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानात हलली. तीच आजची हाफकिन संस्था. हे नाव तिला १९२५ साली मिळाले. प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो असे पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवले होते, पण त्याला फारसे कोणी गंभीरपणे घेतले नाही. १९०५ पासून परळला नव्याने संशोधन सुरू झाले. ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवले. काहींच्या पिंजऱ्याला पिसवा आत येणार नाहीत अशी बारीक जाळी लावली, काहींचे पिंजरे उघडे ठेवले. उघड्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगने मेले, जाळीतले वाचले. हवा तीच, जमीन तीच. फरक फक्त पिसवांचा होता.

याचा अर्थ असा की गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाकडे जातच नव्हता. १२ वर्षांच्या त्या मुलीला ओढून नेल्याने साथ थांबण्याची शक्यता फारच कमी होती. तिच्या घरातले उंदीर तिथेच राहणार होते. ज्या जबरदस्तीला शास्त्राचे नाव दिले होते, तिला परळच्याच प्रयोगशाळेतल्या शास्त्राने नंतर खोटे पाडले. मार्चच्या दंग्यानंतर सरकारनेही हात आवरता घेतला होता. झडत्या सैल झाल्या आणि लस ऐच्छिकच राहिली.

विश्वास किती नाजूक असतो हे हाफकिनलाही भोगावे लागले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना चूक झाली होती, हे रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लावून धरले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये त्याच्यावरचा डाग पुसला गेला. तोवर पाच वर्षे गेली होती.

आपली बाजू

इतिहास सरकारला प्रश्न विचारतो तसा आपल्यालाही विचारतो. साथीपुढे काय करावे याची शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि असलात तर तिथून पळू नका, ही हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक असते. अमवासच्या प्लेगच्या वेळी हजरत उमर शामच्या वाटेवरून माघारी फिरले. अबू उबैदांनी विचारले, अल्लाहने लिहिलेल्यापासून पळता का? एका लिहिलेल्याकडून दुसऱ्या लिहिलेल्याकडे जातो आहोत, असा उमर यांच्या उत्तराचा आशय होता. ज्यांच्याकडे हे उत्तर आहे, त्यांनी मोबाइलवर आलेल्या निनावी संदेशावर विश्वास ठेवून मुलाला गोवराच्या लशीपासून दूर ठेवावे, हे मला समजत नाही. मदनपुऱ्याच्या बापाकडे निवड नव्हती. आपल्याकडे आहे.

म्हणून पुढच्या वेळी तो प्रश्न आला की मी दोघांना सांगेन. विचारणाऱ्याला सांगेन की आरोग्यसेविकेला वर्षातून दोनदा पाठवता, तिला सगळे वर्षभर पाठवा. नळाला पाणी नाही, गटार उघडे आहे, दवाखाना लांब आहे, आणि फक्त लशीच्या दिवशी सरकार दारात येते, तेव्हा माणूस आधी संशयानेच बघतो. आणि मोहल्ल्यातल्या शिकलेल्या माणसाला सांगेन की जुम्म्याच्या नमाजनंतर नुसती घोषणा करू नका. आधी आपल्या नातवाला घेऊन रांगेत उभे राहा, लोकांना दिसेल असे.