कार्ल्याच्या खांबांवर कोरलेले ‘यवन’ कोण होते? आणि रोमच्या मिथ्रासशी त्यांचा काही संबंध आहे का?

पिंपरी-चिंचवडहून एकविरा आईच्या दर्शनाला जाणारे अनेक जण शेजारचं कार्ल्याचं चैत्यगृह पाहतात, फोटो काढतात आणि परततात. पण तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं फार कमी लोकांच्या लक्षात येतात. त्यातल्या काही नावांपुढे एक शब्द आहे, ‘यवन’.

यवन म्हणजे कोण?

हा शब्द ‘आयोनिया’ या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आला. सुरुवातीला तो ग्रीकांसाठी आणि पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या परदेशी लोकांसाठी वापरला गेला. मुसलमानांसाठी तो वापरण्याची पद्धत कित्येक शतकांनंतरची. कार्ल्याचे लेख साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे आहेत.

लेखांत काय आहे?

धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान दिले, एवढंच. सिहधय, धम अशी त्यांची नावं आहेत, म्हणजे सिंहध्वज आणि धर्म. नावं इथली, भाषा प्राकृत आणि दान बौद्ध संघाला. त्याच लेण्याच्या दात्यांत वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, अत्तरविक्याही आहे.

चाकणहून पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव गाठलं की पुढे जुन्नर. तिथल्या लेण्यांतही तीन यवन भेटतात. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भोजनमंडप आणि चंदाने गर्भद्वार. जुन्नर नाणेघाटाच्या तोंडाशी असल्यामुळे कोकणातल्या बंदरांचा माल तिथूनच देशावर यायचा.

मग मिथ्रास कुठून आला?

याच काळात रोमन साम्राज्यात मिथ्रास देवाचा पंथ पसरत होता. सैनिक, व्यापारी आणि सरकारी नोकर त्याचे भक्त. गुहेसारख्या अंधाऱ्या खोलीत, बैलाला मारणाऱ्या देवाच्या शिल्पासमोर ते एकत्र जेवत. त्यांचा एकही धर्मग्रंथ उरलेला नाही. जे कळतं ते बहुतेक उत्खननातून. लंडनमध्ये असं एक मंदिर १९५४ साली सापडलं. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीपासून सीरियातल्या दुरा-युरोपसपर्यंत त्याच्या खुणा आहेत.

मिथ्रास, इराणचा मिथ्र आणि ऋग्वेदातला मित्र ही नावं एकाच मुळातली आहेत. म्हणून ‘रोमन लोक आपल्याच देवाची पूजा करायचे’ असे मेसेज फिरतात. पण नाव सारखं म्हणजे पूजा सारखी, असं होत नाही. वेदातल्या मित्राच्या कथेत गुहेत बैल मारणं नाही, आणि रोमन पंथ भारतातून गेल्याचा पुरावा नाही. उलट्या बाजूनेही तेच. कार्ले किंवा जुन्नरच्या लेखांत मिथ्रासचा उल्लेख नाही.

वस्तू सापडली म्हणजे भक्त होते का?

नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमाराच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. त्यावरून व्यापार सिद्ध होतो, कोल्हापुरात पोसायडनची पूजा होत होती हे नाही. मूर्ती भेट म्हणून येते, शोभेसाठी येते, मोडीतही येते.

दानलेखाचं वजन वेगळं आहे. कोणी दिलं, कुठल्या गावचा, काय दिलं हे त्यात लिहिलेलं असतं. म्हणून यवनांनी बौद्ध संघाला दान दिलं हे खात्रीने सांगता येतं. मात्र ते स्वतः परदेशातून आले होते की इथेच जन्मलेले, घरात कुठला देव पूजत होते, हे खांब सांगत नाही.

पुढच्या वेळी ‘हा घ्या पुरावा’ असा फॉरवर्ड आला, की एवढंच विचारा: लेख सापडला आहे, वस्तू सापडली आहे, की फक्त नाव जुळतंय? आणि कार्ल्याला गेलात तर चैत्यगृहातल्या खांबांवरची अक्षरं जरूर शोधा. फक्त हात लावू नका. दोन हजार वर्षं टिकलेली ती नावं बोटांच्या घामाने झिजतात.